पावडरचा वास बदलला असेल तर

प्रश्न: माझे मामा टार्गेट रायफलची काडतुसं घरीच भरायचे. ते गेल्यानंतर त्यांचा रीलोडिंगचा सगळा संच माझ्याकडे आला. माझ्याकडे परवाना आहे आणि मला पुढे स्वतः काडतुसं भरायची आहेत. त्यांच्या कपाटात जुनी पावडर सापडली. पहिला डबा पुठ्ठ्याचा, पत्र्याच्या झाकणाचा. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास आला, आत विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली आणि झाकण आतून गंजलं होतं. दुसरा कंपनीचा प्लास्टिकचा डबा, अर्धा भरलेला, त्याला ईथरसारखा वास येतो. तिसरी पावडर काचेच्या बरणीत आहे, बरणीवर काही लिहिलेलं नाही. शिवाय त्यांनी भरलेली काही काडतुसं आहेत, त्यातल्या थोड्यांच्या मानेभोवती हिरवट कड आली आहे. पहिल्या डब्यातली पावडर उन्हात वाळवून किंवा ताज्या पावडरीत थोडी थोडी मिसळून संपवता येईल का? टाकायचीच असेल तर कशी टाकू?

उत्तर: उन्हात वाळवू नका आणि कशातही मिसळू नका. पहिल्या डब्यातली पावडर खराब झालेली आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन खुणांपैकी एक जरी असती तरी आम्ही हेच सांगितलं असतं, इथे तर तिन्ही एकत्र आहेत. बाकीचं उत्तर निवांत वाचा, पण तो डबा आजच राहत्या घराबाहेर गेला पाहिजे.

बाहेर नेण्याआधी तळहाताची मागची बाजू डब्याजवळ न्या, टेकवू नका. डबा आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा गरम वाटला, झाकणाच्या फटीतून तांबूस-तपकिरी वाफ दिसली किंवा बारीक फुसफुस ऐकू आली, तर त्याला हात लावायचा नाही. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. फोनवर ‘नायट्रोसेल्युलोजची पावडर, आपोआप तापते आहे’ असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्या तयारीने येतील. डबा गार असेल तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घाला, डबा सरळ धरून उघड्यावर न्या आणि इमारत, गाडी, सुका पाला यांपासून पंधरा-वीस मीटर दूर, सावलीत, मातीवर किंवा सिमेंटवर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, नुसतं वर टेकवून ठेवा. आतला वायू आणि उष्णता बाहेर पडायला वाट हवी. मुलं आणि पाळीव प्राणी तिकडे फिरकणार नाहीत एवढं पाहा.

आता हे का घडतं ते. रीलोडिंगची बिनधुराची पावडर मुळात नायट्रोसेल्युलोज असते. काही पावडरींत त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीनही असतं, त्यांना डबल बेस म्हणतात. नुसत्या नायट्रोसेल्युलोजची ती सिंगल बेस. या दोन्ही रसायनांतला नायट्रो गटाचा बंध कमकुवत असतो. कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून तो थोडा थोडा तुटत राहतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड सुटत राहतात. या वायूंचा दमटपणाशी संयोग झाला की आम्ल तयार होतं, आणि आम्लामुळे उरलेले बंध आणखी वेगाने तुटतात. म्हणजे ही प्रक्रिया स्वतःच स्वतःला वाढवते. तिला लगाम घालण्यासाठी पावडरमध्ये साधारण एक टक्का स्टॅबिलायझर घातलेला असतो, बहुतेक वेळा डायफिनाइलअमाइन, काही पावडरींत एथिल सेंट्रालाइट. तो सुटलेले ऑक्साइड धरून ठेवतो, पण धरता धरता स्वतः खर्ची पडतो. तो संपत आला की आम्लाला आवर घालणारं काही उरत नाही. अमेरिकी सैन्यात साठ्यातल्या पावडरमधला स्टॅबिलायझर 0.2 टक्क्यांच्या खाली गेला की तो साठा नष्ट करायला काढतात, त्यामागे हेच कारण आहे.

ही भीती कागदावरची नाही. फ्रान्सच्या नौदलाची ‘इएना’ ही युद्धनौका 12 मार्च 1907 रोजी आणि ‘लिबेर्ते’ 25 सप्टेंबर 1911 रोजी, दोन्ही तुलाँ बंदरात, स्फोटाने उद्ध्वस्त झाल्या. दोन्ही वेळी दोष कोठारातल्या जुन्या ‘पूद्र बी’ या पावडरकडे गेला. तिच्यात स्टॅबिलायझर म्हणून अमाइल अल्कोहोल घालत आणि ते पुरेसं टिकत नव्हतं. पुढे डायफिनाइलअमाइनचा वापर रूढ झाला. घरातला अर्धा किलोचा डबा जहाजाच्या कोठारासारखा फुटणार नाही, कारण एवढ्या थोड्या पावडरीतली उष्णता बहुधा बाहेर निघून जाते. पण कोंदट, तापलेल्या जागेत, गच्च बंद डब्यात ती साठत जाऊ शकते आणि पावडर आपोआप पेट घेऊ शकते. खराब पावडरमुळे कपाटाला, माळ्याला आग लागते ती अशी.

उन्हात वाळवायचा विचार का सोडायचा, हे आता लक्षात आलं असेल. तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग किमान दुप्पट होतो. ऊन दमटपणा काढेल, पण खर्च झालेला स्टॅबिलायझर परत आणणार नाही. उलट उरलासुरलाही लवकर संपवेल. खाण्याचा सोडा मिसळायचा सल्ला कुठेतरी वाचायला मिळतो. सोडा फार तर दाण्याच्या पृष्ठभागावरचं आम्ल मारेल, दाण्याच्या आत चाललेली प्रक्रिया थांबत नाही. फ्रीजमध्ये ठेवल्याने वेग मंदावतो, पण बिघडलेली पावडर सुधारत नाही, आणि दार उघडताना डब्यात बाष्प धरतं ते वेगळंच. ताज्या पावडरीत मिसळणं तर सर्वांत वाईट. खराब दाण्यांतून सुटणारे ऑक्साइड चांगल्या दाण्यांतला स्टॅबिलायझर खाऊ लागतात, म्हणजे तुम्ही दुसरा डबाही आजारी पाडता. शिवाय दोन पावडरींच्या मिश्रणाला कोणत्याही रीलोडिंग मॅन्युअलमधला चार्ज, म्हणजे एका काडतुसात भरायचं पावडरचं वजन, लागू होत नाही, मग दोन्ही ताज्या का असेनात.

पेटण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी अशी पावडर बंदुकीत घालण्यासारखी राहत नाही. दाण्यांवर ज्वलन मंदावणारा थर असतो आणि सगळा चार्ज त्या थराच्या हिशेबाने ठरवलेला असतो. दाणे खराब होताना त्यांची रचना आणि थर दोन्ही बदलतात, काही दाणे एकमेकांना चिकटतात. परिणामी एकाच डब्यातून, एकाच वजनाने भरलेली दोन काडतुसं वेगवेगळी वागतात. एखाद्यात दाब अवाजवी चढतो. एखाद्यात इतका पडतो की बुलेट नळीतच अडकते. अडकलेल्या बुलेटच्या मागे दुसरा बार झाला तर नळी फुगते किंवा फाटते. ‘जुनी पावडर आहे, थोडी जास्त घालू’ हा हिशेब त्यामुळेच जिवावरचा आहे.

खुणा ओळखताना वास सर्वांत आधी कळतो, आणि नेमकी त्यातच गल्लत होते. चांगल्या पावडरलाही वास असतो. ईथर, अल्कोहोल, ॲसिटोन यांच्यासारखा, किंचित गोडसर. बनवताना वापरलेल्या द्रावकाचा तो अंश असतो आणि तो आला म्हणून घाबरायचं कारण नाही. बिघडलेल्या पावडरचा वास आंबट, कडवट, घशाला खवखव आणणारा असतो, डोळ्यांत पाणी येतं. मात्र वास घेण्यासाठी नाक कधीही डब्यात घालायचं नाही. उघड्यावर, डबा हातभर लांब धरून, हाताने हवा आपल्याकडे ढकलायची. नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू आहे, आणि तो अशासाठी फसवा की श्वासात गेल्यावर थोडा खोकला येऊन बरं वाटतं, पण काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरू शकतं. डबा उघडताना तुम्ही तो वास भरून घेतला असेल आणि त्यानंतर छाती जड वाटत असेल किंवा धाप लागत असेल, तर थेट रुग्णालयात जा आणि कोणता वायू ते डॉक्टरांना सांगा.

रंगही बघा, पण नीट बघा. पांढऱ्या कागदावर चमचाभर पावडर ओता. निरोगी दाणे ग्रॅफाइटमुळे काळसर-करडे, चमकदार, सुटे असतात. दाणे घासले गेल्याने थोडी करडी भुकटी निघते, ती नेहमीचीच. तांबूस किंवा विटकरी भुकटी मात्र वाईट लक्षण आहे. पत्र्याच्या डब्यात तिचा काही भाग आम्लाने खाल्लेल्या पत्र्याचा गंज असतो, आणि म्हणूनच ‘नुसता गंज आहे’ असं म्हणून सोडून देता येत नाही, गंज चढवणारं आम्ल आलं कुठून हाच तर प्रश्न आहे. तेलकट, चिकट, गुठळ्या झालेले दाणे, आतून पिवळट-तपकिरी पडलेला किंवा जळल्यासारखा कुरतडलेला कागद, लेबलचा उडालेला रंग, हे सगळं त्याच दिशेचं.

पावडर मेझरचा (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्राचा) प्लास्टिकचा हॉपर, म्हणजे वरची टाकी, पिवळा पडला, त्याला तडे गेले, तर त्यावरून पावडर खराब झाली असं धरू नका. डबल बेस पावडरमधलं नायट्रोग्लिसरीन काही प्लास्टिकवर असा परिणाम करतंच. त्यावरून फक्त एवढंच कळतं की काम संपल्यावर हॉपरमधली पावडर मूळ डब्यात परत ओतायची सवय नव्हती. दाणे थोडे हॉपरला चिकटणं हा बहुधा स्थिर विजेचा प्रकार असतो, गुठळी नव्हे.

ओला निळा लिटमस कागद डब्याच्या तोंडाशी थोडा वेळ धरून तो लाल झाला, तर पावडर आम्ल सोडते आहे हे पक्कं. पण तो निळाच राहिला म्हणजे पावडर चांगली, असा उलटा निष्कर्ष काढू नका. स्टॅबिलायझर किती उरला हे प्रयोगशाळेतच कळतं. पावडर एकूण किती स्थिर आहे हे बघायला तिथे मिथाइल व्हायोलेट चाचणीही सिंगल बेसला 134.5 अंश आणि डबल बेसला 120 अंश सेल्सिअसवर घेतात. ती स्वयंपाकघरात किंवा कार्यशाळेत करून बघण्याची गोष्ट नाही.

पहिल्या डब्याची विल्हेवाट. आधी चौकशी करा. अग्निशमन दल, पोलीस किंवा धोकादायक कचरा घेणारी यंत्रणा ही पावडर ताब्यात घेत असेल तर तोच उत्तम मार्ग. तोपर्यंत तिला पाण्याखाली ठेवता येतं. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बादलीत भरपूर पाणी घ्या आणि पावडर त्यात हळू, थोडी थोडी ओता. पाण्याने रासायनिक विघटन थांबत नाही, पण निर्माण होणारी उष्णता पाणी शोषून घेतं आणि दाणे पेटत नाहीत. उद्योगात नायट्रोसेल्युलोज किमान 25 टक्के पाण्याने भिजवून पाठवतात ते याच कारणाने. बादली उघड्यावर ठेवा, झाकण घट्ट लावू नका, वर चिठ्ठी लावा आणि पाणी आटू देऊ नका. एकदा पाण्यात घातलेली पावडर वाळवून जाळायचा खटाटोप करायचा नाही, ती तशीच ओली सोपवायची. गंजलेलं झाकण मुळातच निघत नसेल तर पकडीने पिळू नका. आट्यांत अडकलेले कोरडे दाणे घासले जातात. तो डबा तसाच तज्ज्ञांच्या हाती द्या.

दुसरा मार्ग म्हणजे उघड्यावर जाळणं, आणि तो तुमच्याकडच्या कायद्याला मान्य असेल तरच. उत्पादकांच्या मार्गदर्शनानुसार एका ढिगात 450 ग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि थर 2.5 सेंटिमीटरपेक्षा जाड नाही. आम्ही याहून कमी घ्यायला सांगू: एका वेळी शंभरेक ग्रॅम, तेही ढीग न करता बोटभर रुंदीच्या लांब पट्टीत पसरलेलं. गवत नसलेली मोकळी जमीन हवी, वारा मंद हवा, पाण्याची नळी हाताशी हवी. पिळलेल्या कागदाची किमान मीटरभर लांब वात पट्टीच्या एका टोकाला जोडायची. पट्टी वाऱ्याच्या दिशेने आखा, वारा ज्या बाजूने येतो त्या टोकाला वात ठेवा, म्हणजे पेटवून मागे सरकताना ज्योत आणि धूर तुमच्यापासून दूर जातात. काडी लावा आणि चालत मागे या. ही पावडर बंदुकीच्या काळ्या दारूसारखी उडत नाही, भस्सकन उंच, पिवळी ज्योत येते आणि चेहरा भाजेल एवढी धग लागते. जळत्या किंवा धुमसत्या जागेवर वरून पावडर कधीही टाकू नका. दुसरी खेप नव्या जागी घ्या, आणि त्याआधी पहिली जागा पाण्याने पूर्ण भिजवून गार करा. डबा, ड्रम, चूल, खोल खड्डा यांत जाळायचं नाही. कोंडलेली पावडर जळण्याऐवजी फुटते.

आग आवाक्याबाहेर गेलीच तर वाळू टाकून किंवा कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने विझेल या भरवशावर राहू नका. या पावडरला बाहेरचा ऑक्सिजन लागत नाही, तो तिच्या रेणूतच असतो. ती जळून जाऊ द्या, आणि आजूबाजूचं पाण्याने भिजवत राहा.

गटारात, संडासात किंवा घरच्या कचऱ्यात टाकू नका. खत म्हणून बागेत पसरण्याची सूचनाही बरेच जण करतात. नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, त्यातला नायट्रोजन झाडाला सहजी मिळत नाही, दाणे जमिनीत पडून राहतात, आणि डबल बेस पावडरमधलं नायट्रोग्लिसरीन चाटणाऱ्या कुत्र्याचा रक्तदाब एकदम उतरवू शकतं. आम्ही ते करायला सांगणार नाही.

काचेच्या बरणीतल्या पावडरबद्दल विचार करण्यासारखं काहीच नाही. ती उत्तम स्थितीत असली तरी कोणती पावडर आहे हे माहीत नसताना तिचा चार्ज ठरवता येत नाही. दाण्याच्या आकारावरून ओळखायला जाऊ नका. सारख्या दिसणाऱ्या पावडरींच्या ज्वलनवेगात प्रचंड फरक असतो. ती पहिल्या डब्यासोबत घालवा.

दुसरा डबा मात्र वाचू शकतो. ईथरचा वास चांगला. लेबल शाबूत आहे का, लॉट नंबर वाचता येतो का ते बघा आणि तो लॉट उत्पादकाने परत मागवलेला नाही ना याची कंपनीकडे खात्री करा, असे लॉट अधूनमधून मागवले जातात. पांढऱ्या कागदाची तपासणी करा. डबा कुठे ठेवलेला होता हे घरच्यांना विचारा, कारण पावडरचं वय वर्षांपेक्षा उष्णतेने ठरतं. थंड, कोरड्या जागी ठेवलेली पावडर अनेक दशकं चांगली राहिल्याची उदाहरणं आहेत, आणि तापलेल्या माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत तीच काही वर्षांत मरते. एवढं सगळं ठीक निघालं, तरी मामांच्या वहीतला चार्ज उचलू नका. उघडून ठेवलेल्या डब्यातल्या दमटपणाच्या फरकानेसुद्धा ज्वलनवेग बदलतो. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या किमान चार्जपासून, थोडी थोडी काडतुसं भरत, क्रोनोग्राफवर बुलेटचा वेग मोजत पुढे जा. एकाच चार्जच्या वेगांत मोठी तफावत दिसली तर तोही डबा बाद समजा. आणि ही पावडर लवकर वापरून टाकण्यासाठीच भरा, तिची काडतुसं साठवून ठेवू नका.

पुढे ठेवताना मूळ डब्यातच, 25 अंशांच्या आसपास किंवा खाली, उन्हापासून, हीटरपासून दूर ठेवा. प्राइमर (काडतुसाच्या बुडाच्या, पावडर पेटवणाऱ्या टोप्या) वेगळ्या जागी. बंदुकीची भक्कम तिजोरी पावडरसाठी अगदी चुकीची, कारण आग लागली तर तिजोरीच स्फोटाचं कवच बनते. कंपनीचा डबा मुद्दाम असा बनवलेला असतो की थोड्या दाबालाच तो उसवावा. त्याला लाकडी, हलक्या दाराचं कपाट बरं. डबा पहिल्यांदा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि उन्हाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा प्रत्येक डबा उघडून बघा.

राहिली भरलेली काडतुसं. हिरवी कड बाहेरून आलेल्या ओलाव्याचीही असू शकते, पण मामांनी पहिल्या डब्यातली पावडर त्यात घातलेली असण्याची शक्यता मोठी आहे. हिरवी पडलेली काडतुसं झाडू नका. त्याच खेपेतली, बाहेरून स्वच्छ दिसणारी एक-दोन काडतुसं, डोळ्यांवर चष्मा घालून, रीलोडिंगच्या प्रेसवर कोलेट पुलरने (बुलेट पकडून ओढून काढणाऱ्या साधनाने) उघडून बघा. हातोडीसारख्या पुलरने आपटत बसू नका. बुलेटच्या बुडाला हिरवी-निळी पापडी, केसच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) आत डाग, पावडरचा घट्ट गोळा किंवा तो आंबट वास आढळला, तर संपूर्ण खेप बाद. केस आणि बुलेट वाचवायच्या मोहात पडू नका. आम्लाने खाल्लेलं पितळ ठिसूळ होतं, मान चिरते आणि वायू मागे येऊ शकतो. ही काडतुसं न उघडता, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, ‘पावडर खराब, झाडू नयेत’ असं लिहून, पावडर घेणाऱ्या यंत्रणेकडेच द्या. ती आगीत टाकायची नाहीत.

कपाट रिकामं झालं की खोलीची दारं-खिडक्या उघडा, फळी सोड्याच्या पाण्याने पुसा, सांडलेले दाणे ओल्या फडक्याने उचला. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या मोटरच्या ठिणगीने दाणे पेटू शकतात. फडकं आणि हातमोजे त्याच बादलीत टाका. हात साबणाने धुवा, डबल बेस पावडर हाताळल्यावर ठणकणारं डोकं नायट्रोग्लिसरीन कातडीतून गेल्याचं असतं. पहिल्या डब्याला लागून ठेवलेलं प्रेस, डाय आणि तराजू यांच्यावर ताजा गंज चढलाय का तेही बघा. चढला असेल तर तेवढ्या जागेत ऑक्साइड बराच काळ फिरत होते, आणि मग दुसरा डबा वापरायचा निर्णय अधिक कडकपणे घ्या.